नाली ग्रामपंचायतीची, पण पाणी कुणाचं?

उन्हानं जीव चाललाय आणि हा माणूस पावसाच्या पाण्यावर लिहितोय, असं काहींना वाटेल. पण 1 मेच्या ग्रामसभेला आता आठवडाच राहिलाय. हा विषय तिथं बोलायचा असेल तर आत्ताच बोलावा लागेल. जुलैत बोललो तर फक्त भांडणं होतात. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा, पण वाचा.

दरवर्षी पहिला दणका पाऊस झाला की माझ्या मोबाईलवर फोटो यायला लागतात. कुणाच्या ओसरीत गुडघाभर पाणी, कुणाच्या दुकानात खताच्या गोण्या भिजलेल्या, कुणाची मातीची भिंत बसलेली. खाली एकच ओळ, "भाऊ, ग्रामपंचायतीची बातमी लावा." लावतो की. नाली उपसली नसेल, उतार चुकवला असेल, निधी येऊन काम अर्धं राहिलं असेल तर बातमी लागलीच पाहिजे आणि यापुढंही लागेल. त्यात कुणाची भीड नाही.

पण त्याच फोटोत आणखी काही दिसतं, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. नालीवर पक्का ढापा टाकून त्यावर ओटा बांधलेला दिसतो. गाडी आत घ्यायला केलेला सिमेंटचा उतार दिसतो आणि त्याच्याखाली नालीचं तोंड अर्ध्यावर आलेलं असतं. वरच्या मजल्याचा पाईप सरळ शेजाऱ्याच्या पायावर सोडलेला असतो. हे काही ग्रामपंचायतीनं केलेलं नाही. हे तुम्ही-आम्ही केलेलं आहे. आज त्याच्यावर लिहायचंय.

आधी थोडा हिशेब करू. महसूल खातं एका मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतं. तुमचं घर चाळीस बाय तीसचं असेल, म्हणजे बाराशे फुटांचा स्लॅब, तर 65 मिलिमीटर पावसात त्या एका स्लॅबवर सव्वासात हजार लिटर पाणी पडतं. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर जवळपास दीड टँकर. एका गल्लीत अशी वीस घरं असली तर तीस टँकर एका दिवसात त्या गल्लीच्या दीड फुटाच्या नालीत ओतायचे. आणि पाऊस काही दिवसभर सारखा पडत नाही. बऱ्याचदा त्यातला निम्मा तासाभरातच येतो.

आता मोठं आवार घ्या. एक एकराचं मंगल कार्यालय किंवा गोदाम, सगळं पत्रा, फरशी आणि पेव्हर ब्लॉक. 65 मिलिमीटरला तिथं दोन लाख साठ हजार लिटरच्या वर पाणी जमा होतं. म्हणजे पन्नासहून जास्त टँकर. तीच जमीन शेत होती तेव्हा त्यातलं बरंच पाणी जिरत होतं, उरलेलं धुऱ्याला अडून सावकाश पुढं जात होतं. आता ते एका पाईपातून एकदम बाहेर येतं. पाऊस जुनाच आहे, पण जमीन झाकली गेली. मग खालच्या बाजूच्या माणसाला पूर आल्यासारखं वाटणारच.

डोंगरकडा आता जुनं डोंगरकडा राहिलेलं नाही. रस्त्याकाठचं गाव, केळीचा पट्टा, आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ. दुकानं वाढली, प्लॉटिंग वाढलं, रस्त्याच्या उंचीला यावं म्हणून प्रत्येकजण मुरुमाचा भराव टाकतोय. वाढ झाली त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, पोरांना कामधंदा त्यातूनच मिळतो. पण प्रत्येकानं आपला प्लॉट शेजाऱ्यापेक्षा सहा इंच उंच केला की शेवटी ज्याच्याकडं भरावाला पैसे नाहीत, त्याचं घर तळं होतं. ते घर बहुतेक वेळा मातीचं असतं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. अशा जमिनीवरच्या भिंतीच्या बुडाला चार दिवस पाणी थांबलं तर काय होतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. 2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतला पाऊस हिंगोली, नांदेड, परभणीतल्या कुणीही विसरलेला नाही. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरनं तर सगळ्या मराठवाड्याला धुऊन काढलं. असे पाऊस आता पाहुण्यासारखे कधीतरी येत नाहीत, दर दोन वर्षांनी दार ठोठावतात.

मग कायदा काय म्हणतो? मी वकील नाही, पण या विषयावर इतके अर्ज आणि पंचनामे पाहिलेत की मोटामोटी माहिती झालीय.

पहिली गोष्ट, ग्रामपंचायत अधिनियम 1958. कलम 45 प्रमाणं नाल्या-गटारांची, सफाईची कामं पंचायतीकडं आहेत, पण ग्रामनिधी पुरेल त्या मर्यादेत. त्याच कायद्याचं कलम 53 सांगतं की गावठाणात सार्वजनिक रस्त्यावर, मोकळ्या जागेवर किंवा उघड्या नालीवर कुणी भिंत, ओटा, कुंपण असा अडथळा उभा केला तर पंचायत तो काढू शकते आणि दंडही होऊ शकतो. म्हणजे नालीवरचा तुमचा ओटा ही तुमची मालमत्ता नाही. आजवर कुणी काढला नाही, एवढंच. आणि का काढला नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ओट्याच्या घरात पाच-सहा मतं असतात.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांसाठी. 1906 चा मामलतदार न्यायालय अधिनियम अजून जिवंत आहे. त्याच्या कलम 5 प्रमाणं शेतातलं पाणी नैसर्गिक उतारानं शेजारच्या जमिनीकडं जात असताना कुणी बेकायदा बांध घालून ते अडवलं आणि पिकाचं नुकसान झालं किंवा होण्याची शक्यता असली, तर तहसीलदारांकडं दाद मागता येते. आपल्यासाठी ते कळमनुरीला. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला पाहिजे. बरेच जण पाहुण्यारावळ्यांना मध्ये घालण्यात, चार माणसं बसवण्यात वर्ष घालवतात आणि मग तहसीलला जातात. तेव्हा मुदत संपलेली असते. चार माणसं जरूर बसवा, पण तारीख लक्षात ठेवून.

यातलं तत्त्व जुनंच आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात उदाहरण देऊन सांगितलंय की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपोआप खाली वाहत येत असेल तर खालच्या मालकानं ते येऊ द्यायचं. आपले म्हातारे हेच म्हणायचे, पाण्याला वाट द्यावी. पण त्याची दुसरी बाजू वरचा मालक सोयीनं विसरतो. आपोआप पसरून येणारं पाणी वेगळं. सगळ्या वावराचं किंवा सगळ्या आवाराचं पाणी गोळा करून एका चारीतून, एका पाईपातून शेजाऱ्याच्या लवणात सोडणं वेगळं. पहिलं निसर्गाचं, दुसरं तुमचं. केळीच्या बागेत दोन-चार दिवस पाणी तुंबलं की मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि पुढच्या वाऱ्याला झाडं आडवी होतात. वर्षभर ठिबक, खतं, मजुरी घालून घड निसवायच्या वेळी बाग गेली तर त्या माणसानं कुणाकडं बघायचं? विम्याकडं की धुऱ्यापलीकडच्या सोयऱ्याकडं?

तिसरी गोष्ट शहरी वाटेल, पण ती आपल्याकडं येतेय. 2 डिसेंबर 2020 ला राज्यानं बांधकामासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. नगरपालिका आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवीन बांधकाम करताना पावसाचं पाणी साठवायची किंवा जिरवायची व्यवस्था त्यात सक्तीची आहे. खरी महत्त्वाची ओळ त्याच्या पुढं आहे. ही व्यवस्था कायम चांगल्या स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची आहे. ती केली नाही किंवा करून सांभाळली नाही, तर बांधकामाच्या दर 100 चौरस मीटरला वर्षाला 1000 रुपयांपर्यंत आकार लावता येतो. म्हणजे खड्डा खोदून फोटो काढला आणि परवानगी घेतली की सुटलो, असं नाही. तो खड्डा दहा वर्षांनीही पाणी पीत असला पाहिजे.

प्रत्यक्षात काय होतं? तामिळनाडूनं 2003 मध्ये सगळ्या इमारतींना पाऊसपाणी साठवणं सक्तीचं केलं. देशात त्याचं कौतुक झालं, चेन्नईत विहिरींना पाणीही वाढलं. पण पुढं जिथं कुणी गाळ काढला नाही तिथले पाईप आणि खड्डे बुजून गेले, नावाला उरले. करणं एकदाचं असतं, सांभाळणं दरवर्षीचं. आपण पहिल्यात उत्साही आहोत.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी. घरोघरी शोषखड्डे करून गावानं उघड्या नाल्यांचं पाणी आणि डास दोन्ही कमी केले. मग रोजगार हमीतून हेच काम जिल्हाभर झालं, नांदेडचे जादूचे शोषखड्डे म्हणून ते राज्यात गाजले. चार-चार फुटांचा खड्डा, मध्ये भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड-गोटे, वरून झाकण. साधी गोष्ट. पण ती चालण्यासाठी दोन पथ्यं आहेत. आधी एक छोटी गाळ-टाकी लागते, खरकटं आणि माती तिथंच अडली पाहिजे आणि ती टाकी महिना-दोन महिन्यांत साफ झाली पाहिजे. दुसरं, हा खड्डा मोरीच्या आणि भांड्यांच्या पाण्यासाठी आहे. त्यात स्लॅबचं पाणी सोडलं तर एका पावसात तो मातीनं भरतो. आणि मग लोक म्हणतात, योजनाच बोगस होती.

स्लॅबच्या पाण्याची सोय वेगळी करायची. शक्य असेल तर जाळी आणि गाळण लावून बंद पडलेल्या बोअरशेजारच्या खड्ड्यात किंवा जुन्या आडात. ते नाही जमलं तर काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत खोल गेलेल्या खड्ड्यात, कारण काळ्या मातीत पाणी जिरतच नाही, थांबून राहतं. तेही नसेल तर सरळ नालीत, पण पाईप नालीत, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही. आणि पावसाळ्याआधी एकदा पन्हळ, जाळी आणि पाईपातला पालापाचोळा काढायचा. घरच्या पोरानं दोन तास दिले तर होणारं काम आहे. टाकीला, हौदाला झाकण हवंच. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतं.

आता यावर जी उत्तरं मिळतात, ती मला पाठ आहेत.

"आम्ही घरपट्टी भरतो, नाली साफ करणं त्यांचं काम." बरोबर. सार्वजनिक नाली पंचायतीचीच. पण तुमच्या हद्दीतला पाईप, चेंबर, खड्डा, ढापा तुमचा. घरपट्टीत तुमच्या अंगणाची सफाई येत नाही. आणि तुमच्या ढाप्याखाली फावडं शिरायला जागाच नसेल तर सफाई कामगारानं काय करायचं?

"नालीलाच उतार नाही, आम्ही साफ करून काय उपयोग?" हेही बऱ्याच ठिकाणी खरं आहे. रस्त्यावर रस्ता चढवत गेलो, घरं खड्ड्यात गेली, नाल्या उलट्या वाहायला लागल्या. त्याला जबाबदार कंत्राटदार आणि मोजमाप पुस्तिकेवर सही करणारे आहेत, त्यांना ग्रामसभेत विचाराच. पण उतार नसलेल्या नालीतही आपण टाकलेली थर्माकोलची पत्रावळ आणि चहाचे कप पाणी अडवतातच.

"महामार्गामुळं झालं." रस्ता उंच झाला की पलीकडचं पाणी पुलाखालून, नळ्यांतूनच येणार. पण त्या नळ्यांच्या तोंडाशी भराव कुणी टाकला? महामार्गावरून आपल्या आवारात रस्ता घ्यायचा तर रीतसर परवानगी लागते आणि बाजूच्या नालीचा प्रवाह चालू ठेवायची, आवारातलं पाणी महामार्गावर येणार नाही याची व्यवस्था करावी लागते. किती हॉटेलांनी, किती दुकानांनी ती केलीय हे गाडीवरून एक चक्कर मारली तरी दिसतं.

"मोठ्यांना कुणी बोलत नाही, गरिबाचा ओटा तेवढा दिसतो." या बोलण्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे. म्हणून माझं म्हणणं असं की जबाबदारी छपराच्या मापानं ठरावी. जर्मनीत बऱ्याच शहरांत घरमालकाला पावसाच्या पाण्याचं वेगळं बिल येतं. किती चौरस मीटर जमीन सिमेंटनं झाकली त्यावर ते ठरतं, पाणी आवारातच जिरवलं तर कमी होतं. आपल्याकडं बिल लावा असं मी म्हणत नाही, पण न्याय तोच हवा. सुरुवात मंगल कार्यालयं, गोदामं, पेट्रोल पंप, शाळा-महाविद्यालयं, मोठी दुकानं आणि खुद्द सरकारी इमारतींपासून व्हावी. ज्याचा पत्रा मोठा, त्याचा खड्डा आधी.

प्लॉट घेणाऱ्यांनाही एक सांगणं. प्लॉटिंगवाला तुम्हाला रस्ता दाखवतो, लाईट दाखवतो, दर सांगतो. त्याला विचारा, इथलं पाणी कुठं जातं? मग गाव नकाशा काढून बघा. आज सपाट दिसणाऱ्या जागेवर नकाशात नाला असेल तर पाणी कधीतरी जुन्या वाटेनं येणारच. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. ओढा अरुंद करत, वळवत, त्याच्या काठाला भिंती घालत शहर वाढलं होतं. पुण्यासारख्या शहराकडं अग्निशमन दल होतं, बोटी होत्या. आपल्याकडं रात्री दोन वाजता कोण येणार आहे?

आता 1 मेच्या ग्रामसभेसाठी माझ्या सूचना. पटतील त्या घ्या, सुधारा, नाही पटल्या तर तिथं उठून तसं सांगा.

1. 25 मे, म्हणजे रोहिणी निघाल्यापासून मृगापर्यंतचे पंधरा दिवस नाली पंधरवडा पाळावा. आपल्या हद्दीतला पाईप, चेंबर, ढाप्याखालचा गाळ मालकानं काढायचा. मुख्य नाली पंचायतीनं काढायची.

2. काढलेला गाळ पंचायतीनं दोन दिवसांत उचलायचा. काठावर टाकलेला गाळ पहिल्याच पावसात परत नालीत जातो आणि दोघांचीही मेहनत वाया जाते.

3. नालीवरचा ढापा उचलता येईल असाच असावा. दोन-दोन फुटांचे तुकडे किंवा लोखंडी जाळी. जागेवर ओतलेले पक्के ढापे फोडून बदलायला सहा महिने मुदत द्यावी. त्यानंतर कलम 53, मग तो ढापा कुणाचाही असो, सदस्याचा असला तरी.

4. नवीन बांधकामाची, प्लॉटिंगची कागदं पंचायतीत येतील तेव्हा नकाशावर पाणी बाहेर जायची वाट आखलेली असावी. काम झाल्यावर त्याचा फोटो फाईलला लागावा.

5. एक एकर किंवा त्याहून मोठ्या आवारांची यादी करून दरवर्षी मेच्या ग्रामसभेत वाचावी. पाणी जिरवायची सोय आहे का, यंदा साफ केली का, एवढीच दोन खाणी. लाज हा आपल्याकडं दंडापेक्षा जास्त चालणारा उपाय आहे.

6. जिथं एकटी म्हातारी माणसं राहतात, जिथं खरंच ऐपत नाही, तिथलं काम पंचायतीनं किंवा गल्लीतल्या मंडळानं करून द्यावं. गणपतीची वर्गणी घरोघरी फिरून गोळा करणारी पोरं वर्षातून एक रविवार फावडं घेऊन फिरली तर बाप्पा नाराज होणार नाही.

यातल्या एकाही गोष्टीला आमदार-खासदार निधी लागत नाही. म्हणून ती राहून जाते, कारण जिथं उद्घाटनाचा नारळ फुटत नाही तिथं कुणाचं लक्ष जात नाही.

माझ्याकडं पावसाळ्यात फोटो पाठवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो. यंदा पंचायतीची बातमी लागेल, हक्कानं पाठवा. पण फोटोत ढापा, ओटा, भराव दिसत असेल तर तो ज्याचा आहे त्यालाही मी फोन करणार आणि त्याची बाजूही छापणार. तो फोटो पाठवणाऱ्याचाच असला तरीसुद्धा.

ग्रामसभेला या. कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेत पाण्याची वाट ठरत नसते. आणि जाताना एकदा आपल्या दारापुढचा ढापा उचलून बघा. उचलला जात नसेल, तर पहिला मुद्दा तुम्हाला तिथंच सापडला.